पीडीएफच्या पोटात

ऑनलाइन अभ्यासक्रमांना 'ऐका' असे बटण जोडावे का, यावर मराठीत सध्या जी चर्चा चालते तिचे सूर दोनच. एक म्हणतो, यंत्र वाचून दाखवू लागले की मुलांचे वाचन सुटले म्हणून समजा. दुसरा म्हणतो, आता एआयचा आवाज हुबेहूब माणसासारखा झाला, तेव्हा अंध आणि अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न मिटल्यातच जमा आहे. भांडण कडाक्याचे असले तरी दोघे भांडतात ते आवाजावरूनच. त्या आवाजाला वाचायला आपण काय देणार आहोत, हे कुणी विचारत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टेक्स्ट-टू-स्पीच (टीटीएस), म्हणजे मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा, ऑनलाइन शिक्षणात असलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मराठी शैक्षणिक साहित्याचा मोठा भाग यंत्राच्या दृष्टीने मजकूरच नाही, आणि तो दुरुस्त होईपर्यंत 'ऐका' हे बटण म्हणजे भिंतीवर रंगवलेला दरवाजा आहे.

अमेरिकेत हे नाटक २००९ साली होऊन गेले. ॲमेझॉनने ई-पुस्तके वाचण्याचे मोठ्या पडद्याचे यंत्र, किंडल डीएक्स, आणले आणि ॲरिझोना स्टेटसह काही विद्यापीठांनी पाठ्यपुस्तकांसाठी त्याचा प्रयोग करायचे ठरवले. यंत्र पुस्तक मोठ्याने वाचू शकत होते. फक्त त्याचे मेनू बोलत नव्हते. वाचन सुरू करायला पडद्यावरचा पर्याय निवडावा लागे, आणि तो निवडायला डोळे लागत! अंधांच्या दोन राष्ट्रीय संघटना आणि एक अंध विद्यार्थी जूनमध्ये न्यायालयात गेले, जानेवारी २०१० मध्ये तडजोड झाली. गंमत अशी की २००९ च्याच फेब्रुवारीत अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने किंडलच्या बोलण्यालाच हरकत घेतली होती. त्यांच्या मते ध्वनिपुस्तकाचा हक्क वेगळा विकला जातो, यंत्राने फुकट वाचायचे कसे? ॲमेझॉनने माघार घेऊन वाचन बंद ठेवण्याची मुभा प्रकाशकांना दिली. आवाज कुणाच्या मालकीचा यावर एका दालनात खल चालला होता, आणि ज्यांना तो हवा होता ते दुसऱ्या दालनात बटण कुठे आहे ते विचारत होते.

आपल्याकडे बटण सापडते. अडते त्याच्या पुढे. मराठीत डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने जुळवणे, रुजले ते युनिकोड सर्वत्र पोचण्याच्या आधी. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत. त्या काळातल्या फॉन्टांनी एक युक्ती केली. रोमन अक्षरे आणि चिन्हे यांच्या जागांवर देवनागरी आकार बसवले. कागदावर 'शाळा' उमटते, पण फाइलच्या पोटात त्या जागी काही रोमन अक्षरे, एखादा कंस, एखादी डॉलरची खूण असते. छापखान्याला त्याचे सोयरसुतक नव्हते, कारण त्याला कागद काढायचा होता. तीच फाइल पुढे पीडीएफ होऊन वेबसाइटवर चढली. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचे सगळे वाचून दाखवणारी प्रणाली, आकार पाहत नाही, तो पोटातले संकेत वाचतो, आणि मग सातवीच्या इतिहासाऐवजी विद्यार्थ्याला निरर्थक अक्षरांची बाराखडी ऐकू येते. दुसरा प्रकार छुपा आहे. मजकूर युनिकोडमध्येच टंकलेला असतो, पण पीडीएफ करताना कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर याचा तक्ता फाइलमध्ये नीट उतरत नाही. मग जोडाक्षरे गळतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. तिसरा प्रकार म्हणजे पानांचे नुसते फोटो. तिथे यंत्र चूक करत नाही, कारण त्याच्यापुढे वाचायला काही नसतेच. एक कसोटी कुणालाही अर्ध्या मिनिटात घेता येते. पीडीएफमधला एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जे दिसेल तेच अंध विद्यार्थ्याला ऐकू येणार.

बरे, युनिकोड आले म्हणजे सगळे आलबेल असेही नाही. जुन्या फॉन्टांतून रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण त्यांत 'ऱ्य' हमखास बिघडतो. सह्याद्रीतल्या खोल दऱ्यांचा 'दर्या' झाला की भूगोलच बदलतो, आणि भोजनासाठी बोलावलेल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. फोटोवरून अक्षरे ओळखायची असतील तर स्कॅन ३०० डीपीआयचे, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचे, हवे. तरीही घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल होते आणि रफार उडतो, त्यामुळे मुद्रितशोधन सुटत नाही. शिवाय टंकलेखनाच्या काही सवयी डोळ्याला खपतात, कानाला खपत नाहीत. कोलनऐवजी विसर्ग दिला की 'प्रश्न' शब्दाला शेवटी हकार लागतो. गुणाकाराच्या खुणेऐवजी इंग्रजी एक्स टंकला की 'पाच एक्स तीन'. 'कि.मी.' मधल्या टिंबावर यंत्र वाक्य संपवते आणि 'मी' असे स्वतःचे नाव घेते. रिकाम्या जागा भरायच्या प्रश्नात टंकलेली लांब रेघ बऱ्याच मांडण्यांत मुळीच वाचली जात नाही, म्हणून 'महाराष्ट्राची राजधानी ____ आहे' याचे 'महाराष्ट्राची राजधानी आहे' असे निर्विवाद विधान होते. जोड्या लावायच्या प्रश्नातले दोन स्तंभ नुसत्या मोकळ्या जागा सोडून मांडले असतील तर यंत्र आडवे वाचत जाते आणि चुकीच्या जोड्या स्वतःच लावून देते. पानावरची 'माहीत आहे का तुम्हांला?' ही चौकट वाचनक्रम ठरवलेला नसला की चालू वाक्याच्या मध्येच घुसते. यातली एकही चूक आवाजाची नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. हे खरेच आहे, आणि टीटीएसचे समर्थक ते कबूल करायला कचरतात हे चुकीचे आहे. मराठीत तर अधिकच खरे, कारण 'दिन' आणि 'दीन' बोलताना जवळजवळ सारखे पडतात. नुसते ऐकून शिकलेल्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कुठून कळणार? परिच्छेद कुठे तुटतो, अवतरणचिन्ह कुठे लागते, गणितात कंस कुठे मिटतो, हे बोटांखाली किंवा डोळ्यांपुढे यावे लागते. अंध मुलाला ब्रेल शिकवण्याऐवजी हातात मोबाइल देणारी शाळा त्याला निरक्षर ठेवते आहे. पण हा युक्तिवाद नीट ताणला तर तो कुठे नेतो पाहा. ब्रेल डिस्प्ले, म्हणजे ठिपके वरखाली करून ओळ बोटाखाली आणणारे उपकरण, चालते कशावर? त्याच युनिकोड मजकुरावर. मजकुराचे ब्रेल करणाऱ्या लिबलुई या मुक्त प्रणालीत मराठीसाठी भारती ब्रेलचा, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ब्रेलचा, तक्ता आहे. फाइल स्वच्छ असेल तर एकाच फाइलमधून आवाज निघतो, ब्रेल निघते, मंददृष्टीच्या मुलासाठी २४ पॉइंटची मोठी अक्षरेही निघतात. फाइल खराब असेल तर तिन्ही बंद. ब्रेलचा कैवार घेणाऱ्याने सर्वांत आधी पीडीएफवर चिडायला हवे.

डोळस पण वाचनदोष असलेल्या मुलाचे गणित वेगळे आहे. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ साली मांडलेले सूत्र साधे आहे. वाचून झालेले आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्याकडे गेली की दुसरी कितीही मोठी असली तरी हाती काही लागत नाही. डिस्लेक्सिया असलेल्या आठवीच्या मुलाला प्रकाशसंश्लेषण समजते, पण तो शब्द फोडण्यातच त्याचा तास संपतो. टीटीएस त्याच्या उलगडण्याच्या बाजूला टेकू देते. किती? २०१८ साली अशा विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात आकलनावरचा सरासरी परिणाम ०.३५ प्रमाणविचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) इतका आला. चमत्कार नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका किरकोळही नाही. आणि टेकू मिळाला म्हणून अक्षरओळखीचे उपचारात्मक शिक्षण थांबवा असे कुणी शहाणा म्हणत नाही. विज्ञानाचा तास विज्ञानासाठी असतो, वाचनाचा वाचनासाठी. उलट ज्याला अडचण नाही अशा मुलाला चित्र, तेच वाक्य लिहिलेले आणि तेच बोललेले असे तिन्ही एकदम दिले तर शिकणे बिघडू शकते, हेही मानसशास्त्राने दाखवले आहे. म्हणून आवाज आपोआप सुरू होऊ नये. तो विद्यार्थ्याच्या हातात असावा, बंद करण्यासकट.

वाचन म्हणजे एकट्याने, मनातल्या मनात, डोळ्यांनी, ही व्याख्या आपण इतक्या सहज कुठून धरून बसलो? श्रावणात पोथी एक जण वाचतो आणि घरभर ऐकतात. ऐकणाऱ्याने पोथी 'वाचली' नाही असे कुणाच्या आजीला म्हणून पाहावे.

कुणी कसे वाचावे हे त्या गरजेबाहेरच्या माणसाने ठरवले की काय होते, याचा धडा पॅरिसमध्ये आहे. लुई ब्रेलने आपली लिपी १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. तरी तिथल्या अंधशाळेतले डोळस अधिकारी उठावाच्या रोमन अक्षरांनाच धरून होते. कारण? ती त्यांना स्वतःला वाचता येत, आणि अंधांनी वेगळी लिपी वापरली तर ते समाजापासून तुटतील अशी त्यांची समजूत. १८४० च्या दशकात तर शाळेत ब्रेलवर काही काळ बंदी होती. मुले चोरून वापरत राहिली. फ्रान्सने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये, ब्रेलच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

आजचा 'रोबोटचा आवाज नको, माणसाचाच हवा' हा आग्रह मला त्या उठावाच्या अक्षरांचा भाऊबंद वाटतो. हेतू चांगला, पण निकष बघ्याच्या सोयीचा. कविता, नाटक, कथा यांच्यासाठी माणसाचा आवाजच हवा, यात वाद नाही. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे पुस्तके ध्वनिमुद्रित करून जे केले त्याला तोड नाही. पण अभ्यासाचे पुस्तक कथेसारखे सरळ ऐकले जात नाही. विद्यार्थ्याला तिसऱ्या प्रकरणाच्या दुसऱ्या उपशीर्षकावर जायचे असते, व्याख्या चारदा ऐकायची असते, नवा शब्द अक्षर अक्षर सुटा करून लिहून घ्यायचा असतो. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये एच दाबला की पुढचे शीर्षक येते, मात्र फाइलमध्ये शीर्षकाला शीर्षक म्हणून खूण केलेली हवी. ध्वनिफितीत हे जमत नाही. आणि वेग? सवयीचे अंध वाचक नेहमीच्या बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात. ईस्पीक या मोफत टीटीएसचा तो कोरडा, पत्र्यासारखा आवाज त्या वेगाला सुटा आणि स्पष्ट राहतो, म्हणूनच अनेकांना तो प्रिय आहे. डोळसांना तो ऐकवत नाही हा डोळसांचा प्रश्न. खर्चाकडेही पाहू. ६४ केबीपीएस दराने तासाभराचे ध्वनिमुद्रण २९ एमबीच्या आसपास जाते, तेवढाच मराठी मजकूर युनिकोडमध्ये दीडशे केबीत मावतो. नेटवर्कसाठी टेकडीवर चढावे लागते अशा गावात हा फरक पुस्तक मिळणे आणि न मिळणे यातला असतो. पुढच्या वर्षी धड्यातले एक वाक्य बदलले तर मजकुरात ते मिनिटात बदलते. ध्वनिफितीसाठी वाचणारी व्यक्ती, खोली, संपादन, सगळे पुन्हा.

मराठी आवाज मात्र अजून अडखळतात, हेही झाकू नये. शब्दान्तीचे 'केलं', 'झालं' जुनी इंजिने 'केलम्', 'झालम्' च्या अंगाने वाचतात. 'माझा' आणि 'माझी' यांतले दोन झ, 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च लिपीत एकच आहेत, ते संदर्भानेच कळायचे. थोडे या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य या अर्थाचा 'जरा' यांत तर एआयवर घडवलेले चांगले न्यूरल आवाजही गोंधळू शकतात. १९४२ हे साल 'एकोणीसशे बेचाळीस' की 'एक हजार नऊशे बेचाळीस'? (२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बासष्ट'ला 'साठ दोन' असा पर्याय आला तेव्हा उठलेले वादळ आठवावे. आकडे कसे उच्चारायचे यावर आपले एकमत नाही आणि यंत्राकडून मात्र अपेक्षा!) पण मराठी आवाजाच्या म्हणून केल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्रारी मुळात आवाजाच्या नसतातच. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' अशी नोंदवायची असते. ती राहिली आणि यंत्रणेने देवनागरी पाहून हिंदी आवाज उचलला, की 'विज्ञान'चे 'विग्यान' होते, 'पृथ्वी'ची 'प्रिथ्वी' आणि 'फळा'चा 'फला'. भाषा इंग्रजी नोंदली गेली असेल तर काही आवाज देवनागरी चक्क गिळतात. सहा-सात अक्षरांची ती नोंद करायला पैसा लागत नाही.

आवाज जिथे खरोखर पांगळा पडतो ती जागा वेगळीच आहे. आकृती, नकाशे, समीकरणे. 'एक्सचा वर्ग' हा घातांक साध्या मजकुरात सपाट झाला की 'एक्स दोन' ऐकू येतो, आणि समीकरणाचे चित्र डकवले असेल तर नुसते 'चित्र'. समीकरणे मॅथएमएल या गणितासाठीच्या खूणभाषेत द्यावी लागतात, ती उलगडून वाचणारे मॅथकॅट एनव्हीडीएसोबत मोफत वापरता येते. आकृतीला पर्यायी वर्णन लागते, आणि ते लिहिणे हे शिक्षकाचेच काम आहे, यंत्राचे नाही. 'महाराष्ट्राचा नकाशा' हे वर्णन निरुपयोगी. धडा पर्जन्यछायेचा असेल तर 'कोकणपट्टीवर गडद निळा रंग, सह्याद्रीच्या पूर्वेला तो एकदम फिका, विदर्भाकडे पुन्हा गडद होत जातो' हे वर्णन. नकाशात काय आहे ते सांगायचे नसते, तो इथे कशासाठी आहे ते सांगायचे असते. व्हिडिओतले 'हे इथून काढलं, ते तिकडे टाकलं' हे बोलणेही कोणत्याच आवाजाने सुधारणार नाही. ते फळ्यापाशी उभे असतानाच सुधारावे लागते.

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, त्यात हे कुठे, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. जुनी पुस्तके दुरुस्त करणे खरोखर जिकिरीचे आहे आणि ते शिक्षकाच्या गळ्यात मारू नये. पण नवी टाचणे, स्वाध्याय, चाचण्या रोज तयार होतात, तिथे सुरुवातीलाच सवय लावली तर वेळ जवळजवळ लागत नाही. युनिकोडमध्ये इन्स्क्रिप्ट किंवा फोनेटिक कळफलक, कोणताही चालेल. शीर्षक ठळक करून मोठे करण्याऐवजी वर्डमधली 'हेडिंग' शैली द्यावी. मोकळ्या जागा सोडून स्तंभ पाडण्याऐवजी खरा तक्ता घालावा, पहिल्या ओळीला मथळ्याची खूण करावी. रिकाम्या जागी रेघेबरोबर 'रिकामी जागा' हे शब्दही टंकावेत. वितरण करताना पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइल किंवा ईपब (ई-पुस्तकाची फाइल) द्यावी. मग एज ब्राउझरमधल्या मराठी आवाजाने किंवा अँड्रॉइड फोनवरच्या टॉकबॅक या स्क्रीन रीडरने एक पान डोळे मिटून ऐकावे. फोनमध्ये मराठी आवाजाचा डेटा आधी उतरवून ठेवला तर इंटरनेट नसतानाही वाचन चालते.

प्रकाशकांना चोरीची भीती वाटते. खुला मजकूर दिला की कॉपी होईल. भीती खोटी नाही, पण टेलिग्रामवर फिरणारी चोरीची पुस्तके पाहा. ती बहुतेक स्कॅन केलेली पाने असतात. चोराला फोटो पुरतो, मजकूर लागतो तो अंध वाचकालाच. म्हणजे मजकूर कुलूपबंद करून आपण चोराला नाही, त्याला अडवतो. कायद्याने ही कोंडी केव्हाच फोडली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातल्या प्रती करण्याची सूट आली, आणि अशा प्रती सीमेपलीकडेही देण्याघेण्याचा मराकेश करार मान्य करणारा जगातला पहिला देश भारत ठरला, २०१४ मध्ये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुलभ स्वरूपात असावा हे सरकारचे कर्तव्य म्हटले आहे. त्याच वर्षी सुगम्य पुस्तकालय हे सुलभ पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. नियम पुष्कळ आहेत. नाही ती बिल मंजूर करताना घ्यायची परीक्षा. संस्था अभ्यासक्रम तयार करून घेतात, कंत्राटात 'सुलभ' असा एक शब्द असतो, आणि 'ऐका' बटण दिसले की काम पूर्ण समजले जाते. त्याऐवजी निविदेतच लिहावे की यादृच्छिक निवडलेली वीस पाने स्क्रीन रीडर रोज वापरणारी व्यक्ती तपासेल, तिला तिच्या वेळेचे मानधन मिळेल, आणि तिने सही केल्याशिवाय शेवटचा हप्ता सुटणार नाही.

आणि परीक्षा? वर्षभर स्वतःच्या वेगाने, हवे तिथे थांबून, एक वाक्य सातदा ऐकून शिकलेला विद्यार्थी मार्चमध्ये अनोळखी लेखनिकाच्या शेजारी बसतो. तासाला वीस मिनिटे वाढीव मिळतात, पण उतारा सातव्यांदा वाचून दाखवा म्हणायला जीभ रेटत नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी संगणकावर परीक्षा देण्याचा पर्याय मान्य केला आहे, आदल्या दिवशी संगणक तपासून पाहण्याची सोयही त्यात आहे. प्रश्नपत्रिका छपाईला जाण्यापूर्वी कुठल्यातरी संगणकावर टंकलेली असतेच. ती फाइल मोहोरबंद पेनड्राइव्हवर केंद्रावर पोचवायची, की तिचा कागद करून तो शेजारच्या माणसाकडून वाचवून घ्यायचा, एवढे मंडळांनी ठरवायचे आहे.